यादींतला नंबर आणि म्हातारपणची भाकर

पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडचा रस्ता तुटतो. अहेरीहून सिरोंच्याकडे जाणारी एस. टी. ची गाडी पावसाळ्यांत कशी चालते हें ज्यानें एकदां पाहिलें आहे, त्याला चालकाच्या कामाचें मोल सांगावयास नको. बाजाराला निघालेला लोहार, दवाखान्याला निघालेली बाळंतीण, शाळेला निघालेल्या पोरी, या सर्वांचा जीव त्या एका माणसाच्या हातांत असतो. आणि हा माणूस कोणाचा? बहुधा आपल्याच घरचा. कुणब्याचा, तेल्याचा, सुताराचा, गोंडाचा नाहीं तर बौद्धाचा मुलगा.

असाच एक शेजारी चालक, नोकरीचीं शेवटचीं वर्षें मोजणारा, परवां आमच्या ओसरीवर येऊन बसला व म्हणाला, “गुरुजी, एस. टी. सरकारांत गेली त माजी मागची सर्विस मोजतीन का नाई जी?” प्रश्न साधा आहे, परंतु त्यांत हजारों घरांची भाकर अडकलेली आहे. सबब त्याचें उत्तर आम्ही येथें सर्वांकरितां देत आहों.

प्रथम ज्येष्ठता म्हणजे काय तें पाहूं. नोकरांची एक यादी असते व तींत प्रत्येकाचा एक नंबर असतो. बढती कोणाला आधीं, सोईची बदली कोणाला, माणसें कमी करावयाचीं झाल्यास शेवटीं कोण जाणार, हें पुष्कळ अंशीं त्या नंबरावर ठरतें. मोठ्यांच्या पोरांना नंबराची फारशी गरज पडत नाहीं; त्यांचा मामा कचेरींत असतो. ज्याचा मामा कचेरींत नाहीं, त्याला नोकरीस लागल्याची तारीख हाच मामा! तारीख जात विचारीत नाहीं व ओळखही विचारीत नाहीं. म्हणून बहुजनांच्या मुलाला यादी पवित्र वाटली पाहिजे. आणि म्हणूनच त्या यादींत कोणी हात घातला तर त्याला तें प्रथम कळलें पाहिजे. पूर्वीं कुळकर्ण्याच्या दप्तरांत आपल्या नांवावर काय चढलें आहे हें शेतकऱ्यास कळत नसे. अज्ञानी शेतकरी कागदाच्या जोरावर कसा नागविला जातो, हें जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून उघडें केलें. आजची ज्येष्ठतेची यादी हेंही एक दप्तरच आहे.

यादी सर्वांत अधिक केव्हां बिघडते? दोन घरें एक होतात तेव्हां. आपल्याकडीलच गोष्ट घ्या. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर अशी एस. टी. ची पहिली गाडी धांवली. परंतु त्या वेळीं आपला चांदा जिल्हा मुंबई इलाख्यांत नव्हता. विदर्भांत पुढें प्रॉव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेसच्या गाड्या चालत. राजुरा तालुका तर हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता. १९५६ सालीं तो नांदेडास जोडला व १९५९ सालीं चांद्याकडे आला. राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई, विदर्भ व मराठवाडा या तिन्हींकडील सरकारी मोटारी एका छत्राखालीं आल्या. त्यांचेंच आजचें महामंडळ. पाट्या रंगवून गाड्या एक करतां येतात. पण माणसांची पंगत बसवितांना कोण कोणाच्या वर, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न केवळ खाकी कपड्यांचाच आहे असें कोणी समजूं नये. आकाशांत विमान हांकणारे वैमानिक आपल्या चालकाच्या अनेक पट पगार घेतात; परंतु त्यांचेंही दुखणें हेंच. नंबर लागेल तेव्हां दुय्यम वैमानिकाचा कप्तान होणार, नंबराप्रमाणें मोठें विमान मिळणार. आणि वयाच्या ६५ व्या वर्षीं तर प्रवासी विमान खालीं ठेवणें भागच. वर्षें मोजकींच असल्यामुळें यादींत शंभर जागा खालीं गेलेला मनुष्य कप्तानपदाचीं कित्येक वर्षें गमावतो. २००७ सालीं सरकारनें एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स या आपल्या दोन कंपन्या एक केल्या. पगाराचा व बढतीचा मेळ मात्र घातला नाहीं. २०११ सालीं एका बाजूच्या वैमानिकांनीं समान पगारासाठीं संप केला. मग न्यायमूर्ति धर्माधिकारी यांची समिति नेमावी लागली. २०१२ सालीं दुसऱ्या बाजूनें, नव्या विमानाचें शिक्षण आधीं कोणास, यावरून ५८ दिवस संप केला. दोन कंपन्यांची एक कंपनी कागदावर एका दिवसांत झाली. दोन याद्यांची एक यादी पांच वर्षांत झाली नाहीं! ती कंपनी २०२२ सालीं टाटांकडे गेली व १२ नोव्हेंबर २०२४ रोजीं तींत विस्तारा ही आणखी एक कंपनी मिळविण्यांत आली. ज्यांच्यापाशीं वकील आहेत, इंग्रजी आहे, त्यांची ही गत. तर आपल्या चालकानें किती सावध असावें?

आतां आपल्या एस. टी. कडे वळूं. २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीस कामगारांनीं ‘सरकारांत विलीन करा’ म्हणून संप आरंभिला. तो पांच महिन्यांहून अधिक चालला. कांहीं कामगारांनीं आत्महत्या केल्या. रानांतलीं गांवें महिनोन्महिने गाडीवांचून राहिलीं. सरकारच्या त्रिसदस्य समितीनें विलीनीकरण शक्य नाहीं असा अहवाल दिला. आणि उच्च न्यायालयानें २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर येण्यास सांगितल्यावर लोक परत आले. मागणी खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ‘विलीनीकरण’ हा एकच शब्द सर्वांच्या तोंडीं होता. त्यांत मागील वर्षें कशीं मोजणार, कोणत्या यादींत बसविणार, पेन्शन कोणत्या तारखेपासून, हें विचारणारे थोडे होते.

तारखेचा चटका काय असतो तें आम्हां शिक्षकांस विचारा. १ नोव्हेंबर २००५ ही एक रेघ ओढली आणि एकाच शाळेंतले दोन मास्तर दोन जातींचे झाले. अलीकडच्यास जुनी पेन्शन, पलीकडच्यास नाहीं.

संप चालू असतांनाच नोव्हेंबर २०२१ मध्यें मूळ पगारांत वाढ जाहीर झाली. दहा वर्षांच्या आंतील नोकरास ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षांच्या नोकरास ४,००० व वीस वर्षांवरील नोकरास २,५००. नव्या पोराचा पगार फारच तुटपुंजा होता, त्याचें पोट आधीं भरावें, हें आम्हांसही मान्य आहे. पण ज्यानें वीस वर्षें पुरांतून गाडी काढली त्याच्या पदरीं निम्मी वाढ! सप्टेंबर २०२४ मध्यें पुन्हा संप झाला, तेव्हां कोठें सरसकट ६,५०० ची वाढ मान्य होऊन ही तफावत भरून काढण्याचें ठरलें. वर्षांची किंमत मागावी लागते, ती आपोआप मिळत नाहीं, हा त्यांतला धडा.

आणि शेवटीं म्हातारपण. एस. टी. च्या चालकाला सरकारी पेन्शन नाहीं. १९९५ च्या कामगार पेन्शन योजनेप्रमाणें मिळतें तें. त्याचा हिशेब चौथीच्या मुलालाही जमेल असा आहे. पगार गुणिलें नोकरीचीं वर्षें, भागिलें ७०. मात्र पगार कितीही असला तरी हिशेबांत धरण्यास मर्यादा असते. सप्टेंबर २०१४ मध्यें ती १५,००० ठरली व त्यापूर्वीं ६,५०० होती. सगळीं ३० वर्षें उदारपणें १५,००० वरच धरलीं तरी दरमहा ६,४२८ रुपये होतात. वीस वर्षांच्या नोकरीबद्दल मिळणारीं दोन वाढीव वर्षें मिळविलीं तरी ६,८५७. एवढ्यांत दोघां म्हाताऱ्यांनीं खावें काय आणि औषध घ्यावें काय? ४ नोव्हेंबर २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पात्र कामगारांस वाढीव पेन्शनचा अर्ज करण्यास वाट दिली. ती मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३ ला संपली. ज्यानें वर्तमानपत्र वाचलें नाहीं त्याच्यापुढें दार बंद झालें.

याहून वाईट स्थिति ठेकेदाराच्या चालकाची. एस. टी. भाड्यानें गाड्या घेते तेव्हां चालक ठेकेदाराचा असतो. गाडीवर पाटी एस. टी. ची, आंतला माणूस मात्र कोणत्याच यादींत नाहीं. ज्याला नंबरच नाहीं त्याचा नंबर चुकला असें तरी कोण म्हणणार? कायम चालकानें या भावाला परका समजूं नये. आज त्याला यादीबाहेर ठेवणारे उद्यां यादीच गुंडाळून ठेवतील.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. ज्येष्ठतेची यादी पक्की होण्यापूर्वीं प्रत्येक आगारांत मराठींत लावावी व हरकत घेण्यास पुरेसा वेळ द्यावा. कोणतेंही विलीनीकरण होवो, मागील वर्षें कशीं धरणार हें त्याच कागदांत पहिल्या कलमांत लिहावें. ग्रॅच्युइटी तीस दिवसांचे आंत द्यावी असा कायदा आहे, तो पाळावा. ठेक्यावरील वर्षेंही वर्षेंच समजावीं.

आणि घरच्यांनींही एक करावें. नेमणुकीचा हुकूम, पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्य-निर्वाह निधीचे कागद एका पेटींत जपून ठेवावे. शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून ते वर्षांतून एकदां मोठ्यानें वाचून घ्यावे. तिला शिकविलें तें याच दिवसासाठीं.

आमच्या शेजाऱ्यास आम्हीं एवढेंच सांगितलें: “बाबा, कागदांत लिहिलें असेल तर मोजतील, लिहिलें नसेल तर तुझीं तीस वर्षें पुरांत गेलीं असें समज. म्हणून घोषणा दे, पण आधीं कागद माग.”