स्क्रिप्टला थांबता आले पाहिजे

३१ मे २०२३ रोजी जामखेड तालुक्यातल्या चोंडीत नामांतराची घोषणा झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर अधिकृतपणे झाले. पाट्या, शिक्के, लेटरहेड डोळ्यांना दिसतात, म्हणून ते बदलले गेले. संगणकाच्या पोटातले नाव दिसत नाही. समजा, याच जिल्ह्यातल्या मिरजगावात एखाद्या कार्यालयात रोज रात्री ‘अहमदनगर’ नावाच्या फोल्डरचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट आहे आणि कुणी हौसेने त्या फोल्डरचे नाव बदलले. रात्री स्क्रिप्ट उठते, फोल्डर शोधते, तो सापडत नाही, आणि तरीही ‘काम झाले’ अशी नोंद करून झोपी जाते. मूळ हार्ड डिस्क बसते त्या दिवशी सगळे उघडकीला येते.

स्क्रिप्ट म्हणजे रोज हाताने द्यायच्या कमांड क्रमाने लिहून ठेवलेली फाइल. लिनक्सवर क्रॉनला, विंडोजवर टास्क शेड्युलरला वेळ सांगितली की ती आपोआप चालते. पतसंस्था, शाळा, सेवा केंद्र अशा ठिकाणी संगणक सांभाळायला वेगळा माणूस ठेवणे क्वचितच परवडते, म्हणून गावात स्क्रिप्टची गरज शहरापेक्षा जास्तच. आमचा आग्रह एवढाच, की स्क्रिप्ट लिहिताना ती काय करील याच्याआधी ती कुठे थांबेल हे ठरवावे.

जपानमधल्या क्योटो विद्यापीठाचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. तिथल्या महासंगणकावर बॅकअपच्या व्यवस्थेत दहा दिवसांहून जुन्या लॉग फाइली पुसणारी स्क्रिप्ट होती. डिसेंबर २०२१ मध्ये पुरवठादार कंपनीने तिची सुधारित प्रत बसवली, पण जुनी प्रत चालू असतानाच. बॅश हा कमांड चालवणारा प्रोग्राम स्क्रिप्ट एकदम वाचून घेत नाही, चालता चालता पुढचे वाचतो. त्यामुळे तो मध्येच नव्या फाइलीत शिरला, फोल्डरचे नाव ज्या व्हेरिएबलमध्ये असायला हवे ते रिकामे निघाले आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाइली पुसल्या गेल्या. सुमारे ७७ टेराबाइट, जवळपास ३ कोटी ४० लाख फाइली. फटका बसलेल्या संशोधकांच्या १४ गटांपैकी चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत मिळण्यासारखा नव्हता. सुधारणा करणाऱ्यांचा हेतू काय, तर स्क्रिप्ट वाचायला सोपी व्हावी!

किंमतच न दिलेले व्हेरिएबल दिसताच थांब, एक कमांड फसली की पुढे जाऊ नकोस, हे बॅशला सुरुवातीच्याच ओळीत सांगता येते. पुसण्याचे काम असेल तर आधी नुसती यादी छापून घ्यावी, ती माणसाने वाचावी आणि मगच खरी कमांड सुरू करावी. चालू स्क्रिप्टला हात लावू नये. कालची फेरी संपली नसेल तर आजची सुरू होऊ नये म्हणून लॉक फाइल ठेवावी. जिल्ह्याचे, गावाचे नाव दहा ठिकाणी न लिहिता एकाच सेटिंग फाइलीत असावे. त्याहून बरे म्हणजे केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला सांकेतिक क्रमांक वापरावा. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहिणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीलाच टांगून ठेवणे.

दुसरा धडा गिटलॅब या कंपनीचा. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर कमांड देऊन सुमारे ३०० गिगाबाइटचा डेटाबेस पुसला. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळे मुळात होतच नव्हता. त्याच्या अपयशाच्या ईमेल निघत होत्या, पण समोरच्या मेल सर्व्हरवर नाकारल्या जात होत्या. सुदैवाने कुणीतरी सहा तास आधी हाताने घेतलेली एक नक्कल होती. तेव्हा काही बिघडले तरच कळव, असे स्क्रिप्टला सांगणे पुरेसे नाही. रोज काम नीट झाल्याचा निरोप यावा आणि तो आला नाही की कुणीतरी उठून पाहावे. तो ‘कुणीतरी’ नावानिशी ठरलेला हवा.

नोंदी ठेवणे तर आता कायद्याच्याही कक्षेत आले आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी कार्यालये आणि कंपन्यांनी लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि संगणकांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळती ठेवायची आहेत. घड्याळाचे कलम अनेकांना किरकोळ वाटते. पण सर्व्हर जागतिक वेळेवर असेल, तर मध्यरात्रीसाठी लावलेली स्क्रिप्ट आपल्याकडे पहाटे साडेपाचला चालते, आणि दिवसाचा हिशोब भलत्याच तारखेत पडतो.

राहिला प्रश्न विजेचा. पुस्तकांतल्या स्क्रिप्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालतात. आपल्याकडे मध्येच वीज जाते. म्हणून तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवली तर पावत्या दुप्पट होऊ नयेत, अर्धवट नक्कल पूर्ण समजली जाऊ नये, अशी तिची रचना हवी. नक्कल आधी तात्पुरत्या नावाने लिहायची, पडताळायची आणि शेवटी खरे नाव द्यायचे, एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो. नवी स्क्रिप्ट कामाला जुंपण्याआधी जुन्या, रिकाम्या मशीनवर ती चालू असताना मुद्दाम प्लग काढून पाहावा. उन्हाळ्यात मिरजगावात तेवढेही कष्ट पडणार नाहीत.