फाइव्ह-जी : आशा, शंका आणि हिशेब

गेल्या वर्षी झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील एका गावात रास्त भाव दुकानासमोर मी तासाभराहून अधिक काळ उभा होतो. दुकानदाराच्या हातातील यंत्र अंगठ्यांचे ठसे घेत होते, पण आधार पडताळणी काही पुढे सरकत नव्हती. रांगेत वीस-पंचवीस माणसे होती, त्यांत बहुतेक स्त्रिया. माझ्या मोबाइलच्या पडद्यावर मात्र कोपऱ्यात ‘५जी’ ही अक्षरे अधूनमधून उमटत होती. शेजारच्या वृद्ध महिलेला मी म्हणालो, की इथे तर नवे नेटवर्क पोहोचलेले दिसते. ‘‘आले असेल बाबू, पण लिंक कुठे आहे?’’ त्या म्हणाल्या.

नेटवर्क आणि लिंक यांतला हा भेद दिल्लीतील चर्चांत सहसा ऐकू येत नाही. दुकानदाराने नंतर सांगितले, की यंत्रातील सिमकार्ड जुन्या टू-जी सेवेचे आहे आणि दूरवरच्या टॉवरवर ते कसेबसे टिकते. गावात नवी पिढी आली होती, परंतु ज्या यंत्रावर गावाचे धान्य अवलंबून होते त्या यंत्रापर्यंत ती आली नव्हती. फाइव्ह-जीविषयीच्या आशा आणि शंका या दोहोंचा विचार मी या अंतरापासून सुरू करू इच्छितो.

आशेला आधार नाही असे कोणीही म्हणू नये. १ ऑक्टोबर २०२२ रोजी पंतप्रधानांनी नवी दिल्लीत या सेवेचा प्रारंभ केला. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत, सरकारी माहितीनुसार, देशातील ९९.६ टक्के जिल्ह्यांत ती पोहोचली आणि ४.६९ लाख बेस स्टेशन उभी राहिली. वापरकर्त्यांची संख्या २५ कोटींवर गेली. इतक्या मोठ्या देशात इतक्या थोड्या काळात एवढी उभारणी होणे ही सामान्य गोष्ट नव्हे. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत सुखराम यांना देशातील पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे मोजावे लागत. तिथून इथवरचा प्रवास एका पिढीच्या डोळ्यांदेखत झाला आहे. त्यामुळे पुढचे तंत्रज्ञानही आपले आयुष्य पालटेल, ही सामान्य माणसाची अपेक्षा अनुभवातून आलेली आहे.

शंका मात्र एकाच प्रकारच्या नाहीत, आणि त्यांची सरमिसळ केल्यामुळेच या विषयावरची चर्चा भरकटते. माझ्या मते त्या तीन आहेत.

पहिली शंका आरोग्याची. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, फाइव्ह-जीच्या चाचण्यांमुळे माणसे मरत आहेत अशी अफवा उत्तर भारतात पसरली. त्या वेळी देशात कोठेही या चाचण्या सुरू झालेल्या नाहीत, असे दूरसंचार विभागाला जाहीर करावे लागले. नेटवर्क येण्याआधीच त्याची भीती येऊन पोहोचली होती. जून २०२१ मध्ये अभिनेत्री जुही चावला व इतरांची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने २० लाख रुपयांच्या दंडासह फेटाळली. पुढे खंडपीठाने ती रक्कम २ लाखांवर आणली.

विज्ञानाची बाजू येथे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. मोबाइलच्या लहरी क्ष-किरणांप्रमाणे पेशींतील रेणूंचे बंध तोडण्याइतक्या शक्तिमान नसतात. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०११ मध्ये त्यांना ‘२-ब’ या गटात ठेवले. मर्यादित पुराव्यामुळे शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक आढाव्यात मोबाइलचा वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. भारताने तर १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एकदशांश ठेवली आहे. म्हणजे ही शंका तिन्हींत सर्वात दुबळी. तरीही तिला हसून किंवा दंड करून उत्तर मिळत नाही. आपल्या छपरावरील टॉवरचे मोजमाप कोणी, कधी केले आणि काय निघाले, हे गृहनिर्माण संस्थेतील सामान्य सभासदाला त्याच्या भाषेत सहज कळले, तर अफवेला फारशी जागा उरणार नाही. गुप्ततेची सवय असलेल्या यंत्रणेवर लोक विज्ञानाच्या बाबतीतही विश्वास ठेवत नाहीत.

दुसरी शंका पैशाची आणि मक्तेदारीची, आणि ती भक्कम आहे. २०२२ च्या लिलावात १,५०,१७३ कोटी रुपयांच्या बोली लागल्या. त्यांपैकी एकट्या जिओचा वाटा ८८,०७८ कोटींचा, तर एअरटेलचा ४३,०८४ कोटींचा होता. दोघांचे मिळून सुमारे ८७ टक्के. एके काळी डझनभर कंपन्या असलेल्या या बाजारात आज सक्षमपणे गुंतवणूक करू शकणाऱ्या खासगी कंपन्या दोनच उरल्या आहेत. या आकुंचनाला सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या प्रवेशाने पेटलेले दरयुद्ध कारणीभूत ठरले, तसेच सरकारी धोरणही. समायोजित महसुलाच्या व्याख्येवर सरकारने वर्षानुवर्षे खटला लढवला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सरकारच्या बाजूने लागताच आधीच खचलेल्या कंपन्यांवर थकबाकीचा डोंगर कोसळला. मग त्याच सरकारला देणी भागभांडवलात बदलून घ्यावी लागली. २०२५ मध्ये व्होडाफोन आयडियातील सरकारचा हिस्सा जवळजवळ ४९ टक्के झाला.

परिणामी आज सरकार स्पेक्ट्रमचे विक्रेते आहे, परवाना देणारे आहे, बीएसएनएलचे मालक आहे आणि एका खासगी कंपनीतील सर्वात मोठे भागधारकही आहे. अशा स्थितीत ग्राहकाचा कैवार कोण घेणार? जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर साधारणपणे १० ते २५ टक्क्यांनी वाढवले. अमर्याद फाइव्ह-जीची सवलतही दररोज २ जीबी किंवा त्याहून अधिक डेटा देणाऱ्या महागड्या योजनांपुरती उरली. कंपन्यांचे म्हणणे असे, की भारतातील दर जगात स्वस्त आहेत आणि गुंतवणुकीची भरपाई व्हायलाच हवी. ते पूर्णतः खोटे नाही. परंतु भरपाई व्हायची कशातून, हा खरा प्रश्न आहे.

कारण ज्या उपयोगांच्या नावाने हे तंत्रज्ञान विकले गेले ते उपयोग अजून दुर्मीळ आहेत. दूरस्थ शस्त्रक्रिया, स्वयंचलित कारखाने, क्षणार्धात प्रतिसाद देणारी वाहने यांची प्रात्यक्षिके आपण प्रदर्शनांत पाहिली. प्रत्यक्षात बहुसंख्य ग्राहक तेच चित्रफितींचे जग थोड्या अधिक वेगाने पाहतो, आणि काही घरांना तारेविना ब्रॉडबँड मिळते. कारखान्यांना स्वतःचे खासगी नेटवर्क उभारू देण्याचे धोरण २०२२ मध्ये जाहीर झाले, पण त्यांना थेट स्पेक्ट्रम देण्याचा विषय मागणीच्या पाहण्यांतच रेंगाळला. हा अनुभव केवळ आपला नव्हे. दक्षिण कोरियाने एप्रिल २०१९ मध्ये ही सेवा जगात सर्वांत आधी सुरू केल्याचा मान मिरवला. तेथील स्पर्धा आयोगाने मे २०२३ मध्ये तिन्ही कंपन्यांना वेगाविषयी अतिशयोक्त जाहिराती केल्याबद्दल सुमारे ३,३६० कोटी वॉनचा दंड ठोठावला, आणि ज्या उच्च लहरींवर विक्रमी वेग मिळणार होता त्यांची उभारणी न केल्यामुळे त्यांचे वाटपही सरकारने काढून घेतले. कोरियाचे नियामक कंपन्यांना हिशेब विचारू शकले, हे त्यातून आपण घ्यायचे.

तिसरी शंका मला सर्वात गंभीर वाटते. ती वाटपाची आहे. टॉवरवर नवी अँटेना बसवली म्हणजे गावाला वेग मिळाला असे होत नाही. तो टॉवर पुढे कशाने जोडला आहे, यावर सारे अवलंबून असते. ऑप्टिकल फायबर नसेल तर रस्ता रुंद आणि पूल अरुंद अशी गत होते. देशातील निम्म्याहून अधिक टॉवर अद्याप फायबरने जोडलेले नाहीत. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले, मुदती अनेकदा वाढल्या, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर करावा लागला.

त्यापलीकडे घरातील विषमता आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के आढळले. त्यानंतर परिस्थिती सुधारली असेल, पण नवा, महाग फोन घरात आधी कोणाच्या हाती जातो, हे आपण सारे जाणतो. आणि ज्यांच्यापर्यंत नेटवर्क नीट पोहोचलेले नाही, त्यांच्यावरच त्याची सक्ती सर्वात आधी होते. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा छायाचित्रासह अ‍ॅपवर नोंदवणे बंधनकारक झाले. छायाचित्र चढले नाही तर मजुरी अडकण्याची टांगती तलवार. शहरात नेटवर्क गेले तर चित्रपट थांबतो, गावात मजुरी थांबते.

शिवाय नेटवर्क कधी तुटते तर कधी तोडले जाते. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये बंद झालेली फोर-जी सेवा फेब्रुवारी २०२१ मध्ये, दीड वर्षाने, पूर्ववत झाली. मणिपूरने मे २०२३ पासून काही महिने तेच भोगले. बँक, शाळा, दवाखाना, धान्य असे सारे काही एका वाहिनीवर आणून ठेवायचे आणि ती वाहिनी बंद करण्याचा अधिकार प्रशासकीय आदेशावर सोडायचा, यातील धोका वेगाबरोबर वाढतच जातो.

या पार्श्वभूमीवर सिक्स-जीची भाषा सुरू झाली आहे. मार्च २०२३ मध्ये, म्हणजे फाइव्ह-जीला सहा महिनेही झाले नसताना, पंतप्रधानांनी ‘भारत ६जी’ दृष्टिपत्र प्रसिद्ध केले. जागतिक मानके ठरवताना भारताने उपस्थित असावे, हे योग्यच. टू-जी ते फोर-जीपर्यंत आपण इतरांनी केलेली उपकरणे विकत घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलने सी-डॉट, तेजस आणि टीसीएस यांच्या देशी प्रणालीवर फोर-जी सुरू केले, ही त्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. ती उशिरा आली, पण आली. मात्र नव्या पिढीच्या घोषणेने जुन्या पिढीचा हिशेब मिटवता येत नाही.

तो हिशेब मांडायला नवा आयोग नको. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या सेवेचे भौगोलिक नकाशे जाहीर करायला लावले आहेत. त्यांची स्वतंत्र तपासणी व्हावी आणि मोजमाप जिल्ह्याऐवजी ग्रामपंचायतीचे असावे. रास्त भाव दुकान, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शाळा या तीन ठिकाणी प्रत्यक्ष किती वेग मिळतो, तो आकडा दर तिमाहीला जाहीर व्हावा. कंपन्यांच्या महसुलातून ग्रामीण सेवेसाठी ५ टक्के आकारणी होते. तिचा निधी आता ‘डिजिटल भारत निधी’ म्हणून ओळखला जातो. त्याचा खर्च या आकड्यांशी जोडावा. आणि ज्या कल्याणकारी योजनेला नेटवर्क लागते, तिथे नेटवर्क नसताना लाभ देण्याची लेखी, बंधनकारक व्यवस्था असावी. अशा अपवादाची तरतूद नियमांत आहे, असे अधिकारी सांगतात. दुकानदार मात्र वहीवर धान्य द्यायला धजावत नाही, कारण नंतर हिशेबात तूट दिसली तर जाब त्यालाच द्यावा लागतो. ती जबाबदारी सरकारने स्वतःकडे घ्यायला हवी.

त्या दिवशी गुमल्यात लिंक आली ती दुपारी दोननंतर. वृद्ध महिलेला धान्य मिळाले, पण दिवसाची मजुरी बुडाली. त्यांना फाइव्ह-जीचा राग नव्हता, त्यांचा नातू त्यावर अभ्यासाच्या चित्रफिती पाहतो, हे त्यांनी कौतुकाने सांगितले होते. आशा आणि शंका एकाच घरात, एकाच माणसाच्या मनात नांदत होत्या. धोरणकर्त्यांनी त्यांतील आशा तेवढी ऐकली आणि शंकेला अज्ञान ठरवले, तर पुढच्या पिढीचे नेटवर्क येईल तेव्हाही ती रांग तिथेच असेल.