खडीवर प्लास्टिकचा लेप
डांबरी रस्त्याचा खरा शत्रू पाणी. खडी आणि डांबर यांच्यामध्ये ते शिरले की पकड सुटते, खडी उखडते आणि खड्डा पडतो. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी यावर टाकाऊ प्लास्टिक पिशव्यांचा उपाय शोधला. या कामासाठी २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्लास्टिक थेट डांबरात घोळवले तर ते नीट मिसळत नाही, साठवणीत वेगळे होते. म्हणून त्यांनी क्रम बदलला. खडी सुमारे १६० ते १७० अंशांपर्यंत तापवायची, तिच्यावर प्लास्टिकचा बारीक चुरा टाकायचा. तो वितळून प्रत्येक खड्यावर पातळ लेप चढतो, मग गरम डांबर. लेपामुळे खडीची छिद्रे बुजतात, पाणी आत मुरत नाही आणि डांबरही घट्ट धरते. प्लास्टिकचे प्रमाण डांबराच्या वजनाच्या साधारण ६ ते ८ टक्के. पीव्हीसी मात्र वर्ज्य, कारण तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो. कागदावर सोपी वाटणारी ही कृती अडते ती कचऱ्यापाशी: पिशव्या वेचून, धुऊन, वाळवून, निवडून दिल्याशिवाय डांबर-मिश्रणाच्या प्लांटवर काहीच चालत नाही.