परीक्षा एकच, मग पदवीचा हट्ट कशासाठी?

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत मिळणारे आरोग्यसंलग्न व्यवसायांचे शिक्षण दुय्यम दर्जाचे असते आणि महाराष्ट्राने तो नमुना डोळ्यांसमोरही आणू नये, हे मत अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. या पूर्वपक्षाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्या महाविद्यालयाचे दार सर्वांना उघडे असते तेथे गुणवत्ता टिकत नाही, आधुनिक यंत्रांसमोर उभे राहण्यास दोन वर्षे अपुरी आहेत, चार वर्षांच्या पदवीशिवाय या व्यवसायांना प्रतिष्ठा लाभणार नाही, आणि ज्याला विद्यापीठात प्रवेश मिळतो तो असल्या ठिकाणी जातच नाही. ही चार विधाने ज्या ठामपणे केली जातात त्या प्रमाणात त्यांच्यामागे अभ्यास असता, तर हा लेख लिहिण्याची गरज पडली नसती.

आरोग्यसंलग्न व्यवसाय म्हणजे वैद्य, दंतवैद्य आणि बहुतेक वर्गीकरणांनुसार परिचारिका यांना वगळून उरणारी, परंतु ज्यांच्यावाचून रुग्णालय एक दिवसही चालणार नाही अशी कामे. क्ष-किरण व सोनोग्राफी तंत्रज्ञ, कृत्रिम श्वासयंत्र सांभाळणारे श्वसनोपचारक, रक्त-लघवीची तपासणी करणारे प्रयोगशाळा तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञ आणि दातांची व हिरड्यांची स्वच्छता करणारे डेंटल हायजिनिस्ट हे सारे त्यांत येतात. या मनुष्यबळाच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेच्या संघराज्य सरकारने 1966 मध्ये स्वतंत्र कायदा केला. कम्युनिटी कॉलेज म्हणजे स्थानिक लोकांसाठी चालवलेले, मुख्यतः दोन वर्षांची असोसिएट पदवी देणारे सार्वजनिक महाविद्यालय. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे 1901 साली सुरू झालेले महाविद्यालय हे आजही चालू असलेले या प्रकारचे सर्वांत जुने सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते.

उघड्या दाराचा आक्षेप माहितीअभावी निर्माण झालेला आहे. महाविद्यालयात प्रवेश खुला असतो, परंतु क्ष-किरण किंवा दंतस्वच्छतेच्या अभ्यासक्रमात तो तसा नसतो. शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, बऱ्याच ठिकाणी सूक्ष्मजीवशास्त्र आणि गणित हे विषय आधी चांगल्या गुणांनी पूर्ण करावे लागतात, आणि जागा जवळच्या रुग्णालयांत किती विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम शिकवता येईल यावर ठरतात. त्यामुळे दोन वर्षांचा म्हणवला जाणारा हा अभ्यासक्रम अनेकांना तीन वर्षे घेतो आणि प्रतीक्षायादीही लागते. या व्यवस्थेवर टीका करायचीच असेल तर जागा फार कमी आहेत अशी करता येईल, पण दार फार रुंद आहे अशी करता येणार नाही.

पूर्वपक्षाचा खरा आधार दुसऱ्या विधानात, म्हणजे दोन वर्षे अपुरी पडतात या समजुतीत आहे, आणि तेथे अधिक थांबणे आवश्यक आहे. अमेरिकेत क्ष-किरण तंत्रज्ञाला प्रमाणित करणारी संस्था अमेरिकन रजिस्ट्री ऑफ रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्ट्स ही असून 2015 पासून तिच्या परीक्षेसाठी किमान असोसिएट पदवी लागते. कम्युनिटी कॉलेजातून आलेला विद्यार्थी आणि विद्यापीठात चार वर्षे काढून आलेला विद्यार्थी एकाच परीक्षेला बसतात, त्यांना उत्तीर्णतेची मर्यादा एकच असते, आणि परीक्षेआधी छाती, हातपाय, मणका, पोट अशा तीसहून अधिक सक्तीच्या तपासण्यांतील कौशल्य दोघांनाही सारखेच सिद्ध करून दाखवावे लागते. श्वसनोपचारकांची राष्ट्रीय परीक्षा आणि डेंटल हायजिनिस्टची लेखी परीक्षा यांचीही हीच रीत आहे. परिचारिकांच्या परवाना परीक्षेतही दोन वर्षांची व चार वर्षांची पदवी असा भेद केला जात नाही. ज्या गोष्टीची परीक्षा एकच आहे, जिचा परवाना एकच आहे आणि जी करताना रुग्णाच्या शरीरात जाणारा किरणोत्सर्ग एकच आहे, तिच्यासाठी दोन वर्षे अपुरी कशी, हे पूर्वपक्षाने सांगितले पाहिजे. परीक्षाच सोपी आहे असे त्याचे म्हणणे असेल तर ती कठीण करावी, अशी मागणी त्याने करावी. पदवी लांबवण्याची मागणी त्या आक्षेपातून निघत नाही.

पदवी लांबवत नेण्याचा हा आग्रह एकदा सुरू झाला की सहजासहजी थांबत नाही. अमेरिकेत फिजिओथेरपिस्ट होण्यासाठी पूर्वी बॅचलर पदवी पुरत असे. पुढे पदव्युत्तर शिक्षण आवश्यक झाले आणि 2016 पासून नव्याने व्यवसायात येणाऱ्यासाठी डॉक्टरेट हाच मार्ग उरला. आहारतज्ज्ञाच्या नोंदणी परीक्षेसाठी 2024 पासून पदव्युत्तर पदवी लागते. व्यवसायोपचारात, म्हणजे आजारानंतर रुग्णाला रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीच्या उपचारांत, 2027 पासून डॉक्टरेटची सक्ती करण्याचा निर्णय 2017 साली जाहीर झाला आणि व्यवसायातूनच तीव्र विरोध झाल्यावर तो सोडून द्यावा लागला. श्वसनोपचाराच्या क्षेत्रात 2018 पासून नव्या असोसिएट अभ्यासक्रमांना मान्यता देणे बंद झाले. प्रत्येक वेळी कारण ज्ञानवृद्धीचे सांगितले जाते, आणि वाढीव वर्षांचे पैसे विद्यार्थी भरतो. 2023-24 मध्ये सार्वजनिक दोन वर्षांच्या महाविद्यालयाचे सरासरी वार्षिक शुल्क सुमारे 4 हजार डॉलर, सार्वजनिक विद्यापीठाचे त्याच राज्यातील विद्यार्थ्यासाठी सुमारे 11 हजार आणि खाजगी विद्यापीठाचे 41 हजारांहून अधिक होते. दिवसा नोकरी करून, मूल सांभाळून शिकणाऱ्या तिशीतल्या स्त्रीला वाढलेल्या दोन वर्षांचा अर्थ विचारला, तर ती ज्ञानवृद्धीविषयी बोलणार नाही.

हा वाद जुना आहे. 1950 च्या दशकात परिचारिकांचे शिक्षण दोन वर्षांत, कम्युनिटी कॉलेजात देता येईल असा प्रयोग झाला आणि तो यशस्वी ठरला. 1965 साली त्याच व्यवसायाच्या धुरीणांनी बॅचलर पदवी हीच किमान पात्रता असावी असा ठराव मांडला, आणि आज इतक्या दशकांनंतरही दोन वर्षांच्या पदवीच्या परिचारिका त्याच देशात परवाना मिळवून काम करीत आहेत. त्याही मागे 1910 साली वैद्यकीय महाविद्यालयांविषयी एक प्रसिद्ध अहवाल निघाला होता. त्याने निकृष्ट संस्था बंद पाडल्या, हे त्याचे श्रेय निःसंशय आहे. परंतु कृष्णवर्णीयांसाठीच्या सात वैद्यकीय महाविद्यालयांपैकी त्यानंतर दोनच उरली, हेही त्याचेच फळ होते. दर्जा उंचावण्याच्या नावाखाली कोणाचा प्रवेश बंद होतो, हा प्रश्न ज्यांनी तेव्हा विचारला नाही त्यांचे वारस आजही तो विचारत नाहीत.

पूर्वपक्षाकडे एक गंभीर पुरावा आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या पेनसिल्व्हेनियातील 168 रुग्णालयांच्या अभ्यासात, जेथे बॅचलर पदवीधारक परिचारिकांचे प्रमाण अधिक होते तेथे शस्त्रक्रियेच्या रुग्णांतील मृत्यू कमी आढळले. मात्र हा अभ्यास परिचारिकांचा आहे, तंत्रज्ञांचा नव्हे. शिवाय तो एका काळातील रुग्णालयांची तुलना करतो, त्यामुळे पदवी हेच मृत्यू कमी होण्याचे कारण होते असे त्यातून सिद्ध होत नाही. त्याच्या बळावर क्ष-किरण तंत्रज्ञाची दोन वर्षे वाढवणे म्हणजे एका रुग्णाच्या तपासणीवरून दुसऱ्याला औषध देणे होय.

प्रतिष्ठेविषयी एवढेच पुरे की ज्या डेंटल हायजिनिस्टला व्यवसायात येण्यासाठी असोसिएट पदवी पुरते, तिचे 2023 मधील मध्यक वार्षिक वेतन अमेरिकी श्रमखात्याच्या आकडेवारीत 80 हजार डॉलरांहून अधिक आहे. विद्यापीठात जाऊ शकणारे कम्युनिटी कॉलेजात जात नाहीत हे विधानही खोटे आहे, कारण आधीच बॅचलर पदवी घेतलेले अनेक जण याच अभ्यासक्रमांसाठी कम्युनिटी कॉलेजाकडे परततात.

आता मंडनाकडे वळावे. भारतात संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणाऱ्या 2021 च्या केंद्रीय कायद्याने दोन पातळ्या मान्य केल्या आहेत. संलग्न व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान 2000 तासांचे पदविका किंवा पदवी शिक्षण, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान 3600 तासांची पदवी. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013 मध्ये कम्युनिटी कॉलेजांची योजनाही आणली होती. चौकट अशी तयार असताना महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार, हिंगोली यांसारख्या जिल्ह्यांच्या ठिकाणी, जिल्हा रुग्णालयाला जोडून, स्थानिक तरुणांसाठी दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवावेत. त्यांतील जागा रुग्णालयातील यंत्रे व शिकवणारे यांच्या संख्येवर ठरवाव्यात, आणि अखेरीस पदविका आणि पदवी दोन्हींच्या विद्यार्थ्यांनी एकच राज्यस्तरीय परीक्षा द्यावी. पुढे सी.टी., एम.आर.आय. किंवा पदवीकडे जाण्यासाठी आधीचे तास गृहीत धरावेत, म्हणजे काम करणाऱ्या तंत्रज्ञाला पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागणार नाही. त्यासाठी शिक्षक कोठून येतील हा प्रश्न अवघड आहे, आणि त्याचे उत्तर अनुभवी तंत्रज्ञांना शिकवण्याचा अधिकार व मोबदला दिल्याशिवाय मिळणार नाही.

ज्यांना हे मान्य नाही त्यांनी तिसऱ्या व चौथ्या वर्षात शिकवले जाणारे कोणते कौशल्य नसल्यामुळे दोन वर्षे शिकलेल्या तंत्रज्ञाच्या हातून रुग्णाचे नुकसान होते, त्याची यादी मांडावी. पूर्वपक्षाच्या लेखनात अशी एकही यादी अद्याप आलेली नाही.