गळ, तंगूस आणि विद्यार्थ्याचा खिसा

प्रस्तुत लेखाचें शीर्षक पाहून कित्येक पालकांच्या कपाळास आठ्या पडतील, हें मी जाणून आहें. शाळेच्या वार्षिकांत अभ्यासाविषयीं, व्यायामाविषयीं, फार तर बागकामाविषयीं चार शब्द असावेत; मासे धरण्याच्या गळाचें तेथें काय काम? परंतु ज्या गोष्टीवर आपल्या मुलांचे, म्हणजे वस्तुतः पालकांचेच, पैसे खर्च होऊं लागले आहेत, आणि जीवरून निदान दोन घरांत तरी बापलेकांत अबोला झालेला मला ठाऊक आहे, तिच्याविषयीं शिक्षकानें मौन धरणें बरें नव्हे.

तामलवाडी हें सोलापूर-तुळजापूर हमरस्त्यावरचें गांव. सोलापुरास जातांना वाटेंत हिप्परग्याचें तळें लागतें. इंग्रजी अमदानींत आदिला नदीला बांध घालून १८७१ सालीं पुरा झालेला एकरुख तलाव तो हाच. त्याच्या कांठीं गळ टाकून बसलेलीं माणसें आमच्या मुलांनीं लहानपणापासून पाहिलीं आहेत, आणि स्वतःही वेळूच्या काठीला दोरी बांधून, गांडूळ लावून सुटीच्या दुपारी घालविल्या आहेत. त्यांत कोणाचें कांहीं बिघडत नव्हतें. आतां मात्र निराळें वारें आलें आहे. हातांतल्या मोबाइलवर अमेरिकेंतील महाविद्यालयांच्या स्पर्धा दिसतात. तिकडे बास नांवाचा गोड्या पाण्यांतला शिकारी मासा आहे. विद्यार्थ्यांच्या दोघां-दोघांच्या जोड्या होड्यांतून निघतात, बहुधा पांच मासे जिवंत राखून त्यांचें वजन करवितात आणि मग ते पुन्हां पाण्यांत सोडून देतात. मासा मारूं नये, सोडावा, ही रीत तिकडील बासच्या स्पर्धांत रे स्कॉट नांवाच्या गृहस्थानें १९७२ सालीं रुजविली, व ती अनुकरणीय आहे. पण आमच्या मुलांची नजर त्या रीतीवर ठरत नाहीं. ती ठरते होडीच्या फळीवर ओळीनें मांडलेल्या सात-आठ झगझगीत काठ्यांवर!

बास आपल्या तळ्यांत नाहीं, व नाहीं तेंच बरें. जपानांत १९२५ सालीं तो आशी सरोवरांत मुद्दाम आणून सोडला. पुढें तो देशभर पसरला आणि तेथील मूळच्या माशांना जड झाला. आपल्याकडे १९५२ सालीं आणलेल्या चिलापीची हकीकत फारशी निराळी नाहीं. परंतु बासच्या स्वभावाचा मासा पाहावयाचा असेल तर आपली मरळ आहे: गवताच्या आडोशास दबा धरून बसणारी, बेडूक हललेला दिसतांच झडप घालणारी. म्हणूनच बासचें साहित्य मरळीकरितां मागविण्याची टूम निघाली.

आमच्याच शाळेंतून दहावी होऊन सोलापुरास कॉलेजांत गेलेल्या एका मुलाची गोष्ट सांगतों. गेल्या दिवाळीच्या सुटींत त्याच्या मित्रमंडळींनीं आपसांत गळाची स्पर्धा योजिली. घरीं सोयाबीनचे पैसे नुकतेच आले होते. मुलाचें मन मोडवेना म्हणून बापानें त्यांतले चार हजार रुपये काढून दिले. मुलानें कार्बनची काठी आणिली, चकचकीत रीळ आणिलें, रबराचे रंगीत बेडूक आणिले आणि हें सारें ठेवावयास कप्प्यांची पेटी आणिली. पहिल्याच सकाळीं एक दांडगा मासा लागला. काठी वांकली, रीळ कुरकुरलें, आणि दुसऱ्या हिसक्यास तंगूस तुटून मासा गळासकट गेला! तो तंगूस रिळाबरोबर फुकट मिळालेला, दुकानाच्या कांचेमागें किती उन्हाळे खाऊन आलेला, कोण जाणे. शेजारींच एका वृद्ध भोयानें वेळूच्या काठीवर दुपारपर्यंत पांच मासे काढिले. मुलगा घरीं येऊन कोणाशीं बोलेना. बापानें मला रस्त्यांत गांठून विचारिलें, "गुरुजी, पैसे तर मीं कमी दिले नव्हते. मग चुकलें कोठें?"

चुकलें तें इतकेंच. मासा आणि माणूस यांच्यामध्यें खऱ्या वस्तू तीनच: गळाचें टोक, गांठ आणि तंगूस. चार हजारांपैकीं ह्या तिहींवर त्यानें शंभर रुपयेसुद्धां वेंचले नव्हते. काठी हातांत राहते, चारचौघांस दिसते, म्हणून तिच्यावर पैसा जातो; गळ पाण्यांत बुडतो, म्हणून त्याची आठवण राहत नाहीं.

गळाविषयीं थोडें विस्तारानें सांगतों. इंग्लंडांत रेडिच हें गांव सुयांकरितां प्रसिद्ध होतें, व तेंच गळांकरितांही. ज्याला सुई साधते त्यालाच गळ साधतो, हें उघड आहे. नॉर्वेंतील मुस्ताद ह्या कंपनीनें १८७७ सालापासून यंत्रानें गळ करावयास आरंभ केला आणि ते जगभर गेले. सांगावयाचें तें असें कीं, गळ ही मुळांत सुई आहे आणि सुईप्रमाणेंच तिची परीक्षा करावी. गळाचें टोक अंगठ्याच्या नखावर अगदीं हलक्या हातानें ओढावें. तें नखास अडकलें तर गळ चांगला, घसरून गेलें तर निकामी. दगडावर आपटलेला गळ बारीक कानशीनें पुन्हां धारेस आणितां येतो. गंजलेला मात्र टाकावाच, व तो कांठावर नव्हे, कारण तेथें गुरें पाण्यावर येतात.

गळांचे क्रमांक नवशिक्यास फसवितात. वीस, दहा, सहा, एक असे आंकडे उतरत जातात तसतसा गळ मोठा होतो. एकाच्या पुढें 'एकावर शून्य', 'दोनावर शून्य' अशी उलट चढण सुरू होते. आमच्या मुलाच्या पेटींत चिलापीकरितां 'तीनावर शून्य'चे गळ होते! तो मासा तेवढें तोंड उघडणार तरी कसें? चिलापीस सहा ते दहा क्रमांक पुरे. रोहू, मृगळ यांस दोन ते सहा. मोठी मरळ असेल तरच शून्याच्या वरचे गळ. चांगल्या गळांचें एक पाकीट शंभर-दीडशें रुपयांत येतें व जपून वापरल्यास वर्षभर पुरतें.

तंगूस. नायलॉनचा शोध अमेरिकेंतील ड्यू पॉन्ट कंपनीनें १९३८ सालीं जाहीर केला. त्याच्या आधीं बारीक दोरीसाठीं रेशमाच्या किड्याच्या शरीरांतील रसाचे ताणलेले धागे वापरीत, व ते गरिबांच्या आटोक्याबाहेरचे असत. आज तोच गुण शें-दोनशें रुपयांच्या गुंडाळींत मिळतो. ०.३० मिलिमीटर जाडीचा चांगला तंगूस पांच-सहा किलोंचा ताण सहज सोसतो, आणि तळ्याच्या कांठीं बसणाऱ्या मुलास त्याहून अधिकाची गरज क्वचितच पडते. परंतु ऊन त्याचा वैरी आहे. म्हणून गुंडाळी कपाटांत, अंधारांत ठेवावी आणि दरवर्षीं पहिला हात-दोन हात तंगूस कापून टाकावा. विकत घेतांना बोटांनीं ओढून पाहावा. कडक वाटला, वेटोळें सोडीना, तर दुकानदाराचा कितीही आग्रह असो, घेऊं नये.

गांठ ही फुकटची वस्तू आहे, आणि बहुतेक मासे तीतूनच सुटतात. गांठ आवळण्यापूर्वीं ती ओली करावी. कोरडी आवळली कीं घर्षणाच्या उष्णतेनें नायलॉन तेथेंच दुबळा होतो. गळाच्या भोकांतून तंगूस ओंवून, त्याच्या टोकाचे मूळ दोऱ्याभोंवतीं पांच-सहा वेढे द्यावे, मग तें टोक गळाजवळच्या पहिल्या फांसांतून काढून हळू ओढावें. ही एक गांठ आली तरी पुरे. ती घरीं रात्रीं दिव्याखालीं पन्नास वेळां घालावी. पाढ्यांपेक्षां ही कमी कंटाळवाणी आहे, असें माझे विद्यार्थी म्हणतात.

आतां काठी. एकोणिसाव्या शतकांत साहेबांच्या देशांतल्या नामांकित काठ्या 'कलकत्ता' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिंदुस्थानी बांबूच्या होत असत, हें आमच्या मुलांस सांगितलें तर तीं हंसतात. जो वेळू ते पैसे देऊन नेत, तो आम्हांस गांवठी वाटतो. भरीव, सरळ, दहा-बारा फुटांचा वेळू थंडींत तोडावा, सावलींत दोन-तीन महिने आडवा वाळवावा, वांकडा भाग शेकून सरळ करावा आणि पेरांवर दोऱ्याचे घट्ट वेढे द्यावे. ह्या काठीवर शेर-दोन शेरांचा मासा निर्धास्त निघतो.

वेळूच्या बाजूनें आणखी एक गोष्ट आहे व ती पालकांनीं नीट ऐकावी. कार्बनच्या काठीतून वीज वाहते. आपल्याकडे पाण्याच्या कांठींच शेतीच्या पंपांच्या तारा लोंबत असतात. उंच काठी मागें घेऊन गळ फेंकतांना ती तारेस लागली तर काय होईल, हें निराळें सांगावयास नको. तारेखालीं कोणतीही काठी उगारूं नये, ओला वेळूसुद्धां नाहीं. पण कार्बनची तर त्या बांधावर नेऊंच नये.

रीळ मुळींच नको, असें माझें म्हणणें नाहीं. चैत्र-वैशाखांत तळें आटून पाणी दूर जातें, कांठाशीं चिखल राहतो. तेव्हां लांब फेंकावयास रीळ लागतेंच. मोठा मासा दमवितांना रीळ सरसर सुटून तंगुसाचा जीव वांचवितें, हाही त्याचा गुण आहे. दोन वर्षें वेळूवर काढलेल्या मुलानें तें अवश्य घ्यावें. हजार रुपये हाताशीं असतील तर आधीं गळ, तंगूस, शिशाचे मणी, बूच, फिरकी आणि एक चिमटा घ्यावा. हें सारें निम्म्या पैशांत होतें. उरलेले बसभाड्यास ठेवावे. आमिष घरचेंच: कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून केलेली गोळी रोहूस फार आवडते.

ह्यावर एका मातेनें मला केलेला प्रश्न खरा अडचणीचा आहे. "बाकीचीं मुलें भारी काठ्या घेऊन येतील, आणि माझा एकटाच बांबू घेऊन जाईल. त्याला लाज वाटणार नाहीं का?" वाटेल. पंधराव्या-सोळाव्या वर्षीं लाज ही भुकेइतकीच खरी असते, आणि ती उपदेशानें जात नाहीं. म्हणून माझें म्हणणें मुलांपाशीं नाहीं, स्पर्धा योजणारांपाशीं आहे. धांवण्याच्या शर्यतींत आपण सर्वांस एकाच रेषेवर उभें करतों. मग गळाच्या स्पर्धेंत एकानें चार हजारांच्या काठीनें व दुसऱ्यानें चाळीस रुपयांच्या वेळूनें उतरावें, ही कोठली बरोबरी? स्पर्धकांस योजकांनींच एक-एक गळ, वीस हात तंगूस आणि एक वेळू द्यावा. वर्गणी घ्यावयाची तर तेवढ्यापुरतीच घ्यावी. मग ज्याचा हात चांगला त्याचा मासा. कारखान्यांची परीक्षा मुलांच्या खांद्यावरून घेण्यांत शाळाकॉलेजांचा काय लाभ?

अशा स्पर्धेस आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. तळ्यांतला मासा बेवारशी नाहीं. आपल्या राज्यांत बहुतेक तलाव मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्यानें असतात. त्या मत्स्यबीज विकत घेऊन सोडतात आणि त्यांचीं घरें त्यावर चालतात. त्यांस विचारल्याशिवाय गळ टाकणें ही खेळाच्या नांवाखालीं केलेली चोरी होय. दुसरें, पावसाळ्यांत स्पर्धा ठेवूं नये. मरळीचें जोडपें त्या दिवसांत आपल्या पिलांच्या लालसर थव्याभोंवतीं पहारा करीत असतें आणि जवळ येईल त्यावर धांवतें, म्हणून ती त्या वेळीं सहज गळास लागते. पण मागें पिलांचा सारा थवा इतरांच्या तोंडीं जातो. गळाच्या टोकाचा उलटा दांत चिमट्यानें दाबून सपाट केला कीं मासा फारशी इजा न होतां सोडवितां येतो. स्पर्धेच्या गळांचे दांत योजकांनीं आधींच दाबून द्यावे.

त्या मुलाची कार्बनची काठी अद्याप घरांत आहे. ती विकावी असें बापाचें म्हणणें, ठेवावी असें मुलाचें. माघांत तो माझ्याकडे आला होता, वेळू तोडण्याचा हंगाम कधीं संपतो हें विचारावयास. शाळेच्या कुंपणापलीकडच्या बेटांतून आम्हीं सहा वेळू निवडले. ते सध्यां प्रयोगशाळेच्या ओसरींत आडवे पडले आहेत; चार सरळ निघतील असें दिसतें, दोन शेकावे लागतील. मच्छीमार संस्थेकडे परवानगीचा अर्ज मुलांनींच लिहिला असून त्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका मीं दुरुस्त केल्या आहेत.