नकटी

गेल्या वैशाखात माझ्या ताईला पाहायला मंडळी आली होती. पोहे झाले, विचारपूस झाली. निघताना त्यांच्यातली एक बाई अंगणात आईला म्हणाली, "मुलगी कामाची आहे हो, पण नकटी आहे." ताईने ते आतून ऐकले. त्या रात्री ती जेवली नाही.

आजी मलाही लाडाने 'नकटे' म्हणते. त्याचे कधी काही वाटले नव्हते. पण कॉलेजात आल्यापासून शब्दांची फोड करायची खोड लागली आहे. पोलादपूरहून महाडला येताना एस.टी.त हाच शब्द फोडून पाहिला. नाक आणि कट! नकटा म्हणजे नाक कापलेला. हिंदीत आजही तोच अर्थ आहे. मराठीत मात्र तो बसक्या नाकालाही चिकटला.

नाक कापणे ही पूर्वी शिक्षा होती. शूर्पणखेचे नाक कापले म्हणून नाशिक, असे लोक सांगतात. ती झाली कथा. पण ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने एक खरी हकीकत छापली. इंग्रज फौजेकडे बैल हाकणारा कावसजी १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले! ही विद्या ऐकून कार्प्यू या लंडनच्या डॉक्टरने १८१४ मध्ये तीच शस्त्रक्रिया केली. आजच्या प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात ही हकीकत मानाने सांगतात.

म्हणजे आपल्याच मुलखातल्या एका साध्या माणसाने कापलेले नाक परत दिले, आणि आपण धडधाकट नाकाच्या मुलीचे नाक एका शब्दाने कापतो! 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' असे वर हसत म्हणतो. ती विघ्ने नाक आणत नाही, पाहणारे आणतात.

कोणी म्हणेल, बोलताना शब्दाचे मूळ कोण आठवतो? खरे आहे. पण बोलणारा विसरतो, ऐकणारी विसरत नाही. आपण शिकलेल्यांनी तरी हा शब्द टाकून द्यावा, असे मला वाटते.

आजीला हे सारे सांगितले. ती म्हणाली, "मग तुला हाक कशी मारू गं?"

मी म्हटले, "नावाने मार."