जुने म्हणजे भंगार नव्हे

मागच्या रविवारी मी आबाजींसोबत गोंदियाला गेलो होतो. जयस्तंभ चौकात एक प्रीमियर पद्मिनी मोटार उभी होती. रंग आकाशी, काचा लख्ख. आबाजी जागीच थांबले. म्हणाले, "बापा! १९७८ साली माझ्या लग्नात नवरदेवाची गाडी हीच होती रे."

ही मोटार मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असे. आधी तिला फियाट म्हणत. १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली.

मालक म्हणाले, "ही भंगारात चालली होती जी. दोन वर्षे एकेक भाग शोधून लावला."

कोणी म्हणेल, जुन्या गाड्या धूर सोडतात. ते खरेच आहे. म्हणून तर १५ वर्षांनंतर मोटारीची तपासणी करून पुन्हा नोंदणी करावी लागते. परंतु जे दुरुस्त होते, ते फेकू नये असे माझे मत आहे.

आमच्या गोठ्यात आबाजींची सायकल पडून आहे. तिला ना पेट्रोल लागते, ना तिचा धूर होतो. बाबा ती भंगारवाल्याला देणार म्हणतात. पुढच्या वर्षी आठवीसाठी मला चार किलोमीटर जायचे आहे.

बाबा, पालकसभेला आलात की हे वाचा. फक्त दोन टायर अन् एक चेन पाहिजे. पुसायचे काम माझ्याकडे!

— इयत्ता ७ वीचा एक विद्यार्थी